ऱ्होड आयलंडच्या शेतात सुरतेचं जहाज

२०१४ साली अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात, मिडलटाउनच्या 'स्वीट बेरी फार्म' नावाच्या फळबागेत जिम बेली या माणसाच्या मेटल डिटेक्टरनं आवाज दिला. त्यानं खणलं. हाताला लागलं ते काळवंडलेलं चांदीचं नाणं, अमेरिकेच्या डाइम या छोट्या नाण्याएवढं, म्हणजे जेमतेम १८ मिलिमीटरचं. याच शेतात त्याला आधी वसाहतकाळातली नाणी, बुटाचं बक्कल, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या मिळाल्या होत्या, त्यामुळे काहीतरी जुनं निघेल ही अपेक्षा होतीच. नाणं स्पॅनिश असेल, नाहीतर मॅसॅच्युसेट्स वसाहतीनं पाडलेलं असेल, असं त्याला वाटलं. मग जवळून पाहिल्यावर अरबी अक्षरं दिसली. पुढे अभ्यासाअंती ठरलं, की ते १६९३ साली येमेनमध्ये पाडलेलं आहे.

ही बातमी जगभर पसरली ती २०२१च्या एप्रिलमध्ये. मी मूळची सोलापूरची. सध्या मॅसॅच्युसेट्समध्ये राहते, म्हणजे त्या शेतापासून गाडीनं फार लांब नाही. नाण्यांचं वेड कॉलेजपासूनचं. पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेल्या औरंगजेबाच्या एका रुपयावर फारसी अक्षरं लावायला शिकले, तेव्हापासूनचं. त्यामुळे बातमी वाचून उत्सुकता वाटली यात नवल नव्हतं. पण त्या नाण्याचा माग काढत गेलं की वाट सुरतेवरून थेट माझ्या जिल्ह्यातल्या माचणूरला येते, हे लक्षात आलं आणि विषयानं मला धरून ठेवलं.

बेलीचा पहिला अंदाज अगदी रास्त होता, हे आधी सांगायला हवं. सतराव्या शतकात या किनाऱ्यावर रोख पैशाची कायमची चणचण होती. इंग्लंडहून नाणी येत नसत, आलेली टिकत नसत. मॅसॅच्युसेट्सनं १६५२ मध्ये स्वतःची टाकसाळ काढून चांदीची नाणी पाडली, त्यांवर झाडाचं चित्र असे. पुढे कित्येक वर्षं पाडली तरी बहुतेकांवर साल मात्र १६५२चंच राहिलं. बाकी सगळा व्यवहार मेक्सिको आणि पेरूच्या टाकसाळींतून आलेल्या स्पॅनिश चांदीवर चाले. अमेरिका स्वतंत्र झाल्यावरही स्पॅनिश नाणी इथे कायदेशीर चलन होती, ती थेट १८५७ पर्यंत. म्हणून न्यू इंग्लंडच्या शेतात परदेशी नाणं निघालं तर कुणी दचकत नाही. दचकायला लावलं ते लिपीनं.

माझे शेजारी निवृत्त सुतार आहेत आणि त्यांना या डिटेक्टरचा नाद आहे. शरद ऋतूत मक्याची कापणी झाली, की जमीन गोठायच्या आत ते शेतमालकांची परवानगी काढून बाहेर पडतात. मी अनेकदा त्यांच्याबरोबर गेले आहे. यंत्राची थाळी जमिनीपासून बोटभर वर ठेवून सावकाश डावी-उजवीकडे फिरवायची. थाळीतून जाणारं चुंबकीय क्षेत्र मातीतल्या धातूत क्षीण वीज उठवतं आणि तिचा प्रतिसाद कानातल्या हेडफोनवर आवाज होऊन येतो. लोखंडी खिळ्याचा आवाज घोगरा, तुटक. चांदी-तांब्याचा उंच आणि स्वच्छ. हातातले बहुतेक तास खिळे, बटणं, बाटल्यांची झाकणं आणि नांगराचे तुकडे यांतच जातात. शेजाऱ्यांचे दोन नियम कडक आहेत. खड्डा बुजवून वर गवताचा तुकडा होता तसा बसवायचा, आणि निघालेलं नाणं जागेवर बोटानं घासायचं नाही. मातीतले बारीक खडे ओल्या चांदीवर असे ओरखडे पाडतात, की तीनशे वर्षं टिकलेलं अक्षर एका क्षणात जातं. मला हा माणूस त्या दुसऱ्या नियमासाठी विशेष आवडतो.

(हा छंद भारतात असा करता येत नाही, हेही सांगून टाकते, कारण यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून अनेकांना यंत्र मागवावंसं वाटतं. आपल्याकडे १८७८चा गुप्तधन कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. आपल्या गढ्या आणि पांढरीच्या टेकाडांची जी नासधूस चोरट्या खोदाईनं झाली आहे ती पाहता कायदा आणखी नीट राबवला जावा असंच मला वाटतं.)

एकदा शेजाऱ्यांनी एक नाणं मला दाखवायला आणलं. एका जुन्या घराच्या परसात मिळालेलं. त्यांना ते मध्ययुगीन अरबी वाटत होतं आणि ते फार हरखले होते. मी पाहिलं आणि मला आजीचा पितळी डबा आठवला. मधोमध चारमिनार आणि त्याच्या कमानीत एक अरबी अक्षर. ते निजामाचं नाणं होतं, आमच्याकडे ज्याला 'हाली' म्हणत ते. सोलापूरच्या पलीकडे निजामाची हद्द लागायची, त्यामुळे आमच्या घरांत इंग्रजी रुपया आणि हाली रुपया दोन्ही असत आणि बाजारात त्यांचा भाव वेगवेगळा धरला जाई. ते नाणं तिथे कसं पोचलं असेल याचे तर्क आम्ही बराच वेळ करत बसलो. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेला कुणी सैनिक खिशात घेऊन आला असेल, हा त्यातला सर्वांत साधा.

त्या निमित्तानं मी त्यांना हिजरी साल वाचायला शिकवलं. आपल्याला हे सोपं जातं, कारण अरबी आकड्यांची आणि आपल्या आकड्यांची जुनी सोयरीक आहे. एक म्हणजे उभी रेघ. दोन आणि तीन आपलेच, थोडे कलते. पाच मात्र आपल्या शून्यासारखा गोल, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. सात आणि आठ म्हणजे एक सुलटा कोन आणि एक उलटा. अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचायची, आकडे डावीकडून उजवीकडे. त्यांच्या नाण्यावर १३३७ होतं. नवखा माणूस इथेच फसतो, तो त्याला इसवी सन समजून चौदाव्या शतकात जाऊन बसतो. हिजरी वर्ष चांद्र असल्यानं आपल्या सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणून आकड्यातून शंभरामागे तीन वजा करायचे आणि ६२२ मिळवायचे. १३३७ मधून ४० गेले, ६२२ आले, म्हणजे १९१९ च्या आसपास.

हाच हिशेब बेलीच्या नाण्याच्या काळाला लावून पाहा. हिजरी ११०५ हे साल १६९३च्या सप्टेंबरात सुरू झालं. ते नाण्यावर कसं दिसेल? दोन उभ्या रेघा, एक ठिपका, एक छोटं वर्तुळ. झिजलेल्या चांदीवर ठिपका म्हणजे ओरखडा की शून्य, हे ठरवायला भिंग आणि तिरपा प्रकाश लागतो. आजकाल अशा कामाला मदत पुष्कळ आहे. पूर्वेकडच्या नाण्यांचे फोटो साठवणारा झेनोसारखा संग्रह आहे, स्टीफन आल्बमची इस्लामी नाण्यांची सूची आहे. पण त्यात शोधायचं काय, हे आधी ठरावं लागतं. वजन काय, व्यास किती, दोन्ही बाजूंचे ठसे एकाच दिशेनं उभे आहेत की उलटे, किनार कापलेली आहे का, अक्षरांभोवती रेघ आहे की ठिपक्यांची माळ, आणि टाकसाळीचं नाव कुठल्या ओळीत येतं. माझ्या औरंगजेबी रुपयावर पुढे फारसी दोहा आहे, त्यात हे नाणं पौर्णिमेच्या चंद्रासारखं जगात चाललं असं म्हटलंय. मागे राज्यारोहणाचं वर्ष आणि 'जर्ब सूरत', म्हणजे सुरतेत पाडलेला. अकरा ग्रॅमच्या वर भरणारा, जाडजूड, शुद्ध चांदीचा रुपया. येमेनी नाणं त्याच्यापुढे अगदी किरकोळ. पातळ, हलकं, बाजारहाटाचं.

आणि माझ्या मते त्या नाण्याचं खरं वजन त्याच्या किरकोळपणातच आहे.

त्या काळी येमेनमध्ये कासिमी इमामांचं राज्य होतं. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या मोखा बंदरात जगातली कॉफी विकली जाई, आणि सुरतेची जहाजं कापड घेऊन तिथे जात. मोठे सौदे स्पॅनिश रियालांत आणि सोन्याच्या नाण्यांत होत. इमामांची ही छोटी चांदी, जिला इंग्रज व्यापारी 'कमासी' म्हणत, भाजी-भाकरीच्या, हमालीच्या, रोजच्या देण्याघेण्याची. असं सुट्टं नाणं कुणी मुद्दाम अर्धं जग ओलांडून व्यापारासाठी नेत नाही. शिवाय इंग्रज कायद्यानं पूर्वेचा व्यापार ईस्ट इंडिया कंपनीच्या मुठीत होता. न्यू इंग्लंडच्या जहाजांना तांबड्या समुद्रात जाऊन माल आणण्याची मुभाच नव्हती. मग मोखाच्या बाजारातली सुट्टी चांदी न्यूपोर्टजवळच्या शेतात पडली ती कुणाच्या खिशातून?

बेलीचं उत्तर आहे हेन्री एव्हरीच्या माणसांच्या. बेली मानववंशशास्त्राचा पदवीधर, केप कॉडजवळ बुडालेल्या 'व्हिडा' या चाच्यांच्या जहाजाच्या शोधकामात त्यानं १९८०च्या दशकाच्या अखेरीस मदतनीस म्हणून काम केलेलं, त्यामुळे चाच्यांचे कागद कसे वाचायचे हे त्याला ठाऊक होतं. आणि इथूनच आपला किनारा गोष्टीत येतो.

एव्हरी हा इंग्रज खलाशी. १६९४च्या मे महिन्यात स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात पगार थकलेल्या खलाशांना हाताशी धरून त्यानं 'चार्ल्स दुसरा' हे जहाज बळकावलं, त्याचं नाव 'फॅन्सी' ठेवलं आणि आफ्रिकेला वळसा घालून तांबड्या समुद्राच्या तोंडाशी येऊन थांबला. तिथे त्याला अमेरिकन वसाहतींतून आलेली आणखी चाच्यांची जहाजं मिळाली. त्यांत न्यूपोर्टचा टॉमस ट्यू होता, जो या मोहिमेत मारला गेला. हाजयात्रा आटोपून, मोखाचा व्यापार उरकून सुरतेकडे निघालेला काफिला रात्रीच्या अंधारात त्यांच्या हातून निसटला. त्यांनी पाठलाग केला. आधी 'फतेह मुहम्मद' हाती लागलं, ते सुरतेचा बडा व्यापारी अब्दुल गफूर याचं. आणि मग १६९५च्या सप्टेंबरात, सुरत काही दिवसांवर असताना, त्यांनी 'गंज-ए-सवाई' गाठलं.

गंज-ए-सवाई हे खुद्द औरंगजेबाचं जहाज. सुरत बंदरात याहून मोठं जहाज नव्हतं, असं त्या काळचा मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. ८० तोफा आणि ४०० बंदुका होत्या, आणि मालाच्या विक्रीतून आलेले ५२ लाख रुपये सोन्याचांदीत होते. एवढं असून ते पडलं. जहाजावरची एक तोफ डागताना फुटली, तिच्याभोवतीची माणसं मेली, चाच्यांच्या गोळ्यानं मुख्य डोलकाठी निकामी झाली. कप्तान इब्राहीमखान तळघरात पळाला, असं खाफीखान संतापानं नोंदवतो. पुढचे काही दिवस चाच्यांनी जहाज सावकाश लुटलं. बायकांवर अत्याचार केले. कित्येकींनी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी खंजीर चालवून जीव दिला. मुंबईचा इंग्रज गव्हर्नर सर जॉन गेयर यानं वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रातही या अत्याचारांचा उल्लेख आहे, म्हणजे हे केवळ मोगलांचं म्हणणं म्हणून बाजूला सारता येत नाही. पुढे फासावर गेलेल्या चाच्यांपैकी जॉन स्पार्क्स यानं मरण्यापूर्वी कबूल केलं, की हिंदुस्थानच्या त्या माणसांचे आणि बायकांचे जे हाल केले ते त्याच्या जिवाला अजून जाळताहेत.

इथे मला थोडं थांबायचं आहे. एव्हरीवर इंग्रजीत जे लिहिलं जातं त्यात तो रंगेल दर्यावर्दी असतो, 'चाच्यांचा राजा' असतो. एक दंतकथा तर अशी, की जहाजावर औरंगजेबाची नात होती आणि तिनं एव्हरीशी लग्न केलं. याला समकालीन पुरावा नाही. बलात्काराचं लग्न करून टाकणारी ही कथा मला किळसवाणी वाटते, आणि ती आजही खेळांतून, पुस्तकांतून मजेत सांगितली जाते याचा राग येतो. पण मराठी वाचक म्हणून आपणही एका गोष्टीपाशी सावध राहायला हवं. सुरत म्हटलं की आपल्याला १६६४ आणि १६७० आठवतं. औरंगजेबाचं जहाज बुडालं, लुटलं, म्हटलं की मनात कुठेतरी बरं वाटतं. त्या जहाजावर मात्र औरंगजेब नव्हता. आयुष्यभराची पुंजी खर्चून यात्रेला गेलेल्या म्हाताऱ्या होत्या, व्यापाऱ्यांच्या घरच्या लेकीसुना होत्या, खलाशी होते. पंढरीहून परतणाऱ्या दिंडीवर दरोडा पडला तर आपल्याला जे वाटेल, तेच त्या वर्षी सुरतेला वाटलं असणार.

लुटलेलं जहाज चाच्यांनी सोडून दिलं आणि ते सुरतेला पोचलं तेव्हा शहर पेटून उठलं. चाचे इंग्रज होते, म्हणजे कंपनीवाले सामील असणारच, असा लोकांचा ग्रह झाला. सुरतेच्या वखारीचा प्रमुख सॅम्युएल अॅन्स्ली आणि त्याची माणसं बेड्यांत पडली. बातमी बादशहाकडे गेली. आणि बादशहा तेव्हा दिल्लीत नव्हता, आग्र्यात नव्हता. १६९५च्या मे महिन्यापासून त्याची छावणी भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला होती, माचणूरच्या किल्ल्यापाशी. पुढे चार वर्षं ती तिथेच राहिली.

माचणूर मी लहानपणापासून पाहिलेलं. सोलापूरहून मंगळवेढ्याला जाताना लागतं. किल्ल्याची दगडी तटबंदी, खाली सिद्धेश्वराचं देऊळ, घाट आणि पात्रात मोठाले खडक. शाळेत आम्हाला तिथली एवढीच गोष्ट सांगितली जायची, की औरंगजेब इथे राहून मराठ्यांचं राज्य बुडवायला निघाला होता आणि संताजी-धनाजींनी त्याला सुखानं झोपू दिलं नाही. ती गोष्ट खरीच आहे. त्याच १६९५च्या नोव्हेंबरात संताजी घोरपड्यांनी दोड्डेरीला कासिमखानाची दाणादाण उडवली. पण त्याच पावसाळ्याच्या अखेरीस याच तळावर सुरतेहून ही दुसरी बातमीही येऊन धडकली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला ऱ्होड आयलंडच्या एका नाण्यानं सांगितलं.

खाफीखानाच्या वृत्तान्तात आणखी एक तपशील आहे आणि नाण्यांच्या माणसाला तो सोडवत नाही. गंज-ए-सवाईच्या तक्रारीबरोबरच सुरतेकडून बादशहापर्यंत मुंबईत इंग्रजांनी पाडलेले रुपयेही पोचवले गेले, त्यांच्या राजाच्या नावाचे. मुंबईत नाणी पाडायची सनद दुसऱ्या चार्ल्सनं कंपनीला १६७६ मध्येच दिली होती, पण मोगलांच्या दृष्टीनं दुसऱ्याच्या नावानं रुपया पाडणं म्हणजे सार्वभौमत्वावर हात टाकणं. लुटीचा गुन्हा आणि नाण्याचा गुन्हा एकाच कागदावर आले. मुंबईवर चाल करायच्या तयारीचा हुकूम निघाला, जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाला आणि सुरत बंदराचा मोगल अधिकारी इतिमादखान याला. खाफीखान स्वतः त्याच सुमारास रायगडच्या, म्हणजे तेव्हाच्या राहिरीच्या, मोगल फौजदारासाठी सुरतेहून सुमारे दोन लाखांचा माल घेऊन निघाला होता आणि वाटेत मुंबईच्या इंग्रजांना भेटला. त्यांचं म्हणणं त्यानं ऐकून लिहून ठेवलं आहे. शेवटी चढाई झाली नाही. अॅन्स्लीनं तडजोड घडवली. यात्रेच्या जहाजांना संरक्षण देण्याचं कंपनीनं मान्य केलं, आणि कैदेतली माणसं १६९६ मध्ये सुटली.

चाचे तोपर्यंत अटलांटिकमध्ये पोचले होते. बहामातल्या नॅसोला जाऊन त्यांनी तिथल्या गव्हर्नरला लाच दिली आणि टोळी फुटली. एव्हरीच्या डोक्यावर आधी ५०० पौंडांचं बक्षीस लागलं, कंपनीनं ते हजारावर नेलं. तो कधीच सापडला नाही. काही जण सापडले ते पुन्हा नाण्यांमुळेच. जॉन डॅन हा इंग्लंडात रॉचेस्टरच्या एका खाणावळीत उतरला असताना मोलकरणीला त्याचा कोट विलक्षण जड लागला. अस्तरात एक हजाराहून जास्त पौंडांची सोन्याची नाणी शिवलेली होती. तो माफीचा साक्षीदार झाला. १६९६च्या ऑक्टोबरात लंडनला सहा जणांवर खटला चालला. गंज-ए-सवाईच्या लुटीच्या आरोपातून ज्युरीनं त्यांना चक्क निर्दोष सोडलं. सरकारची नाचक्की झाली, मग जहाज बळकावल्याचा दुसरा खटला भरून शिक्षा मिळवली गेली आणि २५ नोव्हेंबरला पाच जण फासावर चढले. म्हणजे ज्या गुन्ह्यानं सुरत हादरली त्या गुन्ह्यासाठी लंडनमध्ये कुणालाही शिक्षा झाली नाही. त्यांना फाशी झाली ती इंग्रज जहाज चोरल्याबद्दल.

बाकीचे अमेरिकेत विरघळले. बेलीनं जे जुळवलं आहे त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा दुवा वाटतो तो 'सी फ्लॉवर' या जहाजाचा. 'फॅन्सी' सोडल्यानंतर चाच्यांनी वापरलेलं हे जहाज किनाऱ्या-किनाऱ्यानं वर आलं आणि १६९६ मध्ये न्यूपोर्टला लागलं. त्यावर जवळपास चार डझन गुलाम होते. बेलीचं म्हणणं असं, की गुलामांच्या व्यापाऱ्याचं सोंग घेतलं की कुणी फार प्रश्न विचारत नसे. लुटलेल्या यात्रेकरूंची चांदी आणि विकायला आणलेली आफ्रिकेची माणसं एकाच धक्क्यावर उतरली. पुढच्या शतकात हेच न्यूपोर्ट गुलामांच्या व्यापाराचं मोठं केंद्र झालं. मी त्या बंदरावर फिरताना सुंदर लाकडी घरं पाहते आणि प्रत्येक वेळी हे आठवतं.

आता शंका. ती मांडलीच पाहिजे, कारण या नाण्याबद्दल 'चाच्यांचं रहस्य उलगडलं' असे मथळे आले आणि ते मला घाईचे वाटतात. नाणं आपल्याला टाकसाळ सांगतं, साल सांगतं. ते कुणाच्या हातातून गेलं हे ते सांगत नाही. बेलीच्या शोधानंतर याच काळातली आणखी पंधरा अरबी नाणी निघाली. दहा मॅसॅच्युसेट्समध्ये, तीन ऱ्होड आयलंडमध्ये, दोन कनेक्टिकटमध्ये. शिवाय एक उत्तर कॅरोलिनात, जिथे एव्हरीचे काही लोक उतरल्याची नोंद आहे. एकटं नाणं योगायोग म्हणून सोडता आलं असतं, एवढी नाही. तांबड्या समुद्राची लूट न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांपर्यंत, दुकानदारांपर्यंत पोचली होती हे मला आता पटलेलं आहे.

पण तांबड्या समुद्रावर एव्हरी एकटाच नव्हता. टॉमस ट्यू १६९४च्या वसंतात पहिल्या सफरीची लूट घेऊन न्यूपोर्टला परत आला तेव्हा गावानं त्याचं स्वागत केलं होतं. न्यूयॉर्कचा बडा व्यापारी फ्रेडरिक फिलिप्स मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटावर आपला माणूस ठेवून चाच्यांना दारू-दारूगोळा पुरवत होता आणि बदल्यात पूर्वेची चांदी-कापड घेत होता. कॅप्टन किड या चाच्यानं १६९८ मध्ये मलबार किनाऱ्यावर 'केदा मर्चंट' हे जहाज लुटलं आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर बेटावर त्यातला काही भाग पुरला. या प्रत्येक वाटेनं कमासी येऊ शकते. म्हणून मला सर्वांत जास्त विश्वास वाटतो तो कनेक्टिकटच्या नाण्यावर. २०१८ मध्ये सतराव्या शतकातल्या एका शेतघराच्या रीतसर उत्खननात ते निघालं, पुरातत्त्वज्ञांच्या हातानं. ते घर कुणाचं, शेजारी काय पडलं होतं, मातीचा थर कुठला, हे सगळं त्याच्याबरोबर नोंदलं गेलं. शेतातून एकट्यानं निघालेल्या नाण्यापाशी ही सोबत नसते, आणि ती नंतर कितीही पैसे मोजून विकत घेता येत नाही. हे माझ्या शेजाऱ्यांनाही पटलं आहे. ते आता प्रत्येक वस्तूची खोली आणि नकाशावरची जागा वहीत लिहितात, बटण असलं तरी.

या सगळ्या नाण्यांत मी एकच गोष्ट शोधत असते, ती म्हणजे साल. गंज-ए-सवाई लुटलं गेलं तेव्हा हिजरी ११०७ नुकतं सुरू झालं होतं. न्यू इंग्लंडमध्ये निघणाऱ्या येमेनी चांदीवर त्याच्या आतलीच सालं येत राहिली, तर बेलीचा पक्ष दिवसेंदिवस भक्कम होईल. एखाद्या शेतात ११०८ किंवा ११०९ वाचता आलं, तर ते नाणं एव्हरीच्या माणसांनी आणलेलं असूच शकत नाही, आणि मग फिलिप्सची हिशेबाची कागदपत्रं आणि किडच्या खटल्याचे जबाब पुन्हा काढून बसावं लागेल.